बीएलओचा शनिवार

सकाळी ६.१५

गॅसवर दूध ठेवलं की ते तापेपर्यंत बीएलओ ॲप उघडायचं. कार्यालयातून माझ्या यादी भागाकडे वर्ग झालेले अर्ज तिथे दिसतात. आज पाच-सहा नवे आहेत. बरेचसे फॉर्म ६, दोन फॉर्म ८, एक फॉर्म ७. आकडे बघितले की दिवसाचा अंदाज येतो. सहा म्हणजे यादीत पहिल्यांदाच नाव घालायचंय. सात म्हणजे नाव काढायचंय किंवा कुणाच्या नावाला हरकत आहे. आठ म्हणजे बाकीचं सगळं: पत्ता बदलला, नाव चुकलं, कार्ड हरवलं, दिव्यांग म्हणून नोंद हवी. यातल्या काही कामांना पूर्वी वेगवेगळे फॉर्म होते. १ ऑगस्ट २०२२ पासून ते सगळे आठमध्ये आले.

मी महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते आणि त्याच शाळेतल्या मतदान केंद्राची बीएलओ आहे. कागदोपत्री ‘मतदान केंद्रस्तरीय अधिकारी’. लोकांच्या तोंडी ‘त्या मतदान यादीवाल्या मॅडम’. पुण्याच्या पूर्वेला वाढत गेलेलं हे उपनगर. माझ्या भागात दोन मोठ्या सोसायट्या, एक बैठ्या घरांची जुनी वस्ती, मुलामुलींना भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या काही इमारती आणि एक उड्डाणपूल. एका केंद्राला पूर्वी १,५०० पर्यंत मतदार असायचे, २०२५ मध्ये आयोगाने ती मर्यादा १,२०० वर आणली. एवढी माणसं नावानिशी लक्षात राहत नाहीत, पण दारं राहतात. कुठल्या दाराला कुत्रं आहे, कुठल्या दारी दुपारी दोनला कडी वाजवायची नाही, हे सगळं पाठ.

सकाळी ७.२०

शनिवारची सकाळची शाळा. कवायत, प्रार्थना, मग पाढे. नुकताच २५ जानेवारीचा राष्ट्रीय मतदार दिवस झाला, त्याची रांगोळी व्हरांड्यात अजून पुसट दिसतेय. निवडणूक आयोग स्थापन झाला २५ जानेवारी १९५० ला, प्रजासत्ताकाच्या एक दिवस आधी. म्हणून २०११ पासून हा दिवस पाळतात. मतदानाच्या दिवशी माझ्याच वर्गातले बाक बाहेर काढून तिथे यंत्रं मांडतात.

शिक्षकांच्या मागे बाहेरची कामं किती, हा स्टाफरूममधला रोजचा विषय. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं अपवाद म्हणून दिलेली आहेत. हा कायदा येण्याआधीच, २००७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की, याद्यांची कामं शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावीत. म्हणून माझ्या फेऱ्या शनिवारी दुपारी आणि रविवारी. यादीच्या कामापुरती मी कायद्याने आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असते आणि त्याच १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कामात कसूर केल्यास तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे. मानधन २०१५ पासून वर्षाला ६,००० रुपये होतं, २०२५ मध्ये आयोगाने ते १२,००० केलं. म्हणजे महिन्याला हजार, त्यात पेट्रोल आलं.

सकाळी ९.४०

मधल्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी फाटकाशी उभा. आता बारावीला आहे, परीक्षा तोंडावर आलेली.

“बाई, वोटिंग कार्डचा फॉर्म भरायचाय. ऑनलाइन होतो म्हणतात.”

“होतो की. वय?”

“मार्चमध्ये अठरा.”

म्हणजे अजून सतरा. तरी भरता येतो. पूर्वी १ जानेवारी ही वर्षातली एकच अर्हता तारीख होती. मार्चमध्ये अठरा पूर्ण करणाऱ्याला पुढच्या जानेवारीची वाट बघावी लागायची, आणि मधे निवडणूक आली तर गेलीच. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करून ठेवायचा, अठरा पूर्ण झाल्यानंतरच्या तिमाहीला त्याचा विचार होतो. याला १ एप्रिल लागू पडेल.

पायरीवर बसून त्याने फोन काढला. मोबाइल नंबर, ओटीपी, आत शिरला. नाव इंग्रजीत टाइप केलं की शेजारी मराठीत आपोआप उमटतं. तिथे मी त्याला थांबवलं. काळेचं काले आणि ढोलेचं धोले होतं ते याच खिडकीत, आणि मग ते दुरुस्त करायला फॉर्म ८ भरत बसावं लागतं. त्याने मराठी अक्षरं खोडून पुन्हा लिहिली. फोटो म्हणून गणपतीतला फेटा बांधलेला सेल्फी चढवायला निघाला होता. पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोर, म्हटलं. तिथेच व्हरांड्याच्या भिंतीशी उभं करून काढला. वयाचा पुरावा दहावीचं प्रमाणपत्र. पत्त्याला आधार. घरातल्या एखाद्या मतदाराचा कार्ड नंबर मागतात, तिथे आईचा घातला. तीन अक्षरं, सात आकडे. हा नंबर दिला की नाव आईच्याच यादी भागात जातं, एका घराची माणसं दोन केंद्रांवर विभागली जात नाहीत.

मग ई-साइन. सप्टेंबर २०२५ पासून पोर्टलवर अर्ज पुरा करायला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी लागतो. याच्या आधारला नंबर वडिलांचा. वडील टेम्पो चालवतात, या वेळी मार्केट यार्डात.

“पप्पा, एक मेसेज येईल. लगेच वाचून दाखवा... अहो बँकेचा नाही, वोटिंगचा!”

पलीकडून हॉर्न, कुणीतरी “गाडी काढ रे” म्हणतंय, आणि त्यातून एकेक आकडा येतोय. पहिल्या वेळेला मुदत संपली, पुन्हा मागवला. ज्यांना ही आधाराची वाट नको किंवा जमत नाही, त्यांना कागदी फॉर्म आहेच. तो माझ्या हातात दिला तरी चालतो.

शेवटी प्रतिज्ञापन. मी भारताचा नागरिक आहे, अमुक महिन्यापासून या पत्त्यावर राहतो, दुसरीकडे माझं नाव नाही. हे लोक वाचत नाहीत, सरळ खूण करून पुढे जातात. खोटं लिहिलं तर ३१ व्या कलमाखाली वर्षभरापर्यंतची कैद आहे, म्हणून मी त्याला मोठ्याने वाचायला लावलं. वर्गात धडा वाचायचा तसा वाचला.

“झालं बाई! आता मी मतदार ना?”

“आता तुझा अर्ज झाला. मतदार व्हायला मी तुझ्या घरी यायला पाहिजे.”

“पण तुम्ही तर ओळखता मला.”

“तुला ओळखते. तू दिलेला पत्ता बघावा लागतो.”

दुपारी १२.००

शाळा सुटली. शेजारच्या भागाच्या बीएलओ अंगणवाडी सेविका आहेत, त्यांच्याबरोबर टपरीवर चहा. पर्यवेक्षकांचा ग्रुपवर मेसेज आलेला: प्रलंबित अर्जांचा तक्ता, ज्यांचे जास्त त्यांच्या नावापुढे लाल रंग. आज आम्ही दोघीही लाल.

“घरात बसून पाच मिनिटांत फॉर्म भरतात, आणि आपण पाच वेळा जिने चढायचे,” त्या म्हणाल्या.

खरं आहे. पण हे जिने कशासाठी चढायचे, ते राजुऱ्याने दाखवलं. चंद्रपूर जिल्ह्यातला तो मतदारसंघ. २०२४ च्या ऑक्टोबरात, विधानसभा तोंडावर असताना, तिथे नवीन नोंदणीचे ऑनलाइन अर्ज धडाधड येऊन पडले. पडताळणीला गेल्यावर दिलेल्या पत्त्यावर माणूसच नाही, कुठे कागद नाहीत, कुठे फोटो नाही. साडेसहा हजारांहून जास्त अर्ज नामंजूर झाले, पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. कर्नाटकातल्या आळंदमध्ये २०२३ च्या निवडणुकीआधी उलटा प्रकार: नावं वगळण्यासाठी सहा हजारांवर ऑनलाइन फॉर्म ७ आले आणि चौकशीत खरे निघाले फक्त २४. ज्यांची नावं काढायची होती, त्यांना पत्ताही नव्हता.

दोन्हीकडे फॉर्म पडद्यावर नीटनेटके भरलेले असणार. पडदा तेवढंच सांगतो.

दुपारी १२.४५

पहिली सोसायटी. फाटकावर नाव, फ्लॅट, मोबाइल नंबर, फोटो. वॉचमन ओळखीचे आहेत, तरी वहीत सही लागतेच.

“काय मामा, तुमचं नाव घातलंत का इथल्या यादीत?”

“आमचं गावाकडं हाय की मॅडम, बीडला.”

“इथं राहून किती वर्षं झाली?”

“पोरगी इथंच जन्मली. आता सातवीला हाय.”

“मग इथं घाला ना.”

“कसं घालता? आमच्यात सरपंचाची निवडणूक एका मतानं फिरते. मतदानाला गाडी पाठवत्यात गावाकडनं. इथं नाव घातलं तर भावकी दारात उभी करायची न्हाई.”

हे मी रोज ऐकते. बीड, लातूर, सोलापूर, जळगाव. पोटासाठी पुण्यात, मत गावात. बऱ्याच जणांना वाटतं, सरपंचाची यादी वेगळी आणि आमदाराची वेगळी, तेव्हा तिकडे एक आणि इकडे एक ठेवता येईल. यादी एकच आहे. विधानसभेची जी यादी, तीच राज्य निवडणूक आयोग ग्रामपंचायतीला आणि महापालिकेला प्रभागवार फोडून वापरतो. कायदा म्हणतो, माणूस जिथला सर्वसाधारण रहिवासी, तिथे त्याचं नाव. गावात घर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्यावर कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. तात्पुरतं गाव सोडलं म्हणून रहिवास तुटतही नाही, ऊसतोडीला गेलेल्याचं नाव गावातच राहतं. मामांचं मात्र सगळं बिऱ्हाड इथे आहे. नळाला पाणी आलं नाही की ज्याला गाठायचं, तो नगरसेवक इथला. मुलीची शाळा इथली. मी एवढं सांगते आणि थांबते. फॉर्म त्यांनी भरायचा असतो, मी नाही.

आठव्या मजल्यावर तरुण जोडपं. दोघं आयटीतली, दोघांनीही फॉर्म ६ भरलेले. त्यांनी दार उघडलं ते हात पुढे करूनच.

“पार्सल?”

“नाही, तुमचा मतदार नोंदणीचा अर्ज. पडताळणीला आलेय.”

“अरे! कुणी घरी येतं हे माहीतच नव्हतं.”

बसायला दिलं, पाणी आलं. तिचं सगळं ठीक होतं: भाडेकरार नोंदणी केलेला, पासपोर्ट, यादीत पूर्वी कधीच नाव नाही. त्याला विचारलं, आधीचं कार्ड आहे का? आहे, नागपूरचं, एकविसाव्या वर्षी काढलेलं. मग फॉर्म चुकला. एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच यादीत दोनदा असू नये, हे १७ आणि १८ व्या कलमात स्पष्ट आहे. कार्ड एकदा निघालं की आयुष्यभर फॉर्म ६ कडे फिरकायचं नाही; बदली झाली, घर बदललं, राज्य बदललं तरी फॉर्म ८. जुना नंबर कायम राहतो आणि इथे नाव लागलं की तिकडचं निघतं.

“पण पोर्टलवर ‘नवीन मतदार’ असं लिहिलं होतं. मला वाटलं, पुण्यात मी नवीन.”

असं वाटणारे पुष्कळ आहेत. त्याच्या अर्जावर ‘शिफारस नाही’ असा शेरा आणि कारण टाकलं, आणि माझ्यासमोरच त्याला आठ नंबरचा भरायला लावला. जुन्या कार्डाचा नंबर घातल्याबरोबर त्याचा कॉलेजातला फोटो पडद्यावर आला. बायको हसत सुटली.

दुपारी २.३०

डबा शाळेतच खाऊन पुन्हा बाहेर. वस्तीत बेल नसते, कडी असते.

एका घरात नवी सून. लग्नाला वर्ष झालं, तिचं नाव माहेरी, साताऱ्याकडे. तिने फॉर्म ८ भरलाय. पत्त्याला पुरावा काय द्यावा, या प्रश्नावर घर अडलेलं. लाइटबिल सासऱ्यांचं, गॅस सासूबाईंच्या नावावर.

“तिच्या नावावर अजून काहीच नाही हो बाई,” सासूबाई म्हणाल्या.

“नवऱ्याच्या नावाचं काही आहे का?”

नवऱ्याचं बँकेचं पासबुक निघालं, पत्ता हाच, आणि त्याचं नाव याच घरात यादीला आहे. तेवढं पुरतं. पती किंवा पत्नी, आईवडील, सज्ञान मुलं यांच्यापैकी कुणी त्याच पत्त्यावर मतदार असेल तर त्यांच्या नावाचा कागद चालतो. सूनबाईला हळूच विचारलं, आडनाव कुठलं ठेवायचंय? तिने सासूबाईंकडे पाहिलं नाही, सरळ मला सांगितलं, “माहेरचंच. डिग्रीवर तेच आहे.” लग्न झालं म्हणून कार्डावरचं नाव बदललंच पाहिजे, असा नियम नाही. तसंच ठेवलं.

पलीकडच्या घरी फॉर्म ७. आजोबा गेले दिवाळीत. मुलाने मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केलाय. हे काम लोक टाळतात आणि टाळलेलं समजूही शकतं. गेलेल्या माणसाचं नाव आपल्या हाताने कुठूनही काढायला जिवावर येतं. मी दाखल्यावरची तारीख ताडून पाहिली, यादीतला अनुक्रमांक विचारून घेतला. आजींनी चहा केलाच. “आता मला एकटीलाच जायचं मत द्यायला,” म्हणाल्या.

दुपारी ४.३०

भाड्याच्या खोल्यांची इमारत. एका खोलीत चार मुली, चार खाटा, भिंतीवर राज्यसेवेचं वेळापत्रक. नांदेड, परभणी, धाराशिव. यातल्या दोघींना इथे नाव हवंय, दोघींना गावीच ठेवायचंय. विद्यार्थ्याला दोन्ही मुभा आहेत: घरच्या पत्त्यावर ठेवा किंवा शिकायला राहता त्या वसतिगृहाच्या पत्त्यावर घ्या. वसतिगृहात असाल तर संस्थेच्या प्रमुखाचं पत्र लागतं. अडचण अशा खोल्यांची होते, कारण इथे पत्र द्यायला कुणी प्रमुख नाही आणि मालक करार नोंदवत नाहीत.

मालक खालीच भेटले.

“नाव लावलं की उद्या खोलीवर हक्क सांगतील, मॅडम.”

“काका, यादीत नाव लागल्याने खोलीवर काडीचा हक्क येत नाही. यादी राहणाऱ्याची असते, मालकाची नव्हे.”

“कायद्यात काय लिहिलंय ते सोडा हो. पोरींना सांगा, गावीच ठेवा.”

त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो. ठरवून दिलेल्या यादीतला एकही कागद नसेल तर दुसरा कुठला तरी पुरावा जोडता येतो, पण मग प्रत्यक्ष पडताळणी झालीच पाहिजे. म्हणजे मी खोलीत येऊन बघते, त्या खरंच इथे राहतात का, कधीपासून. शेजारच्या खानावळवाल्या मावशींना विचारलं. “या दोघी ना? दीड वर्ष झालं. ती चष्मेवाली भात खात नाही,” त्या म्हणाल्या. इतकी पक्की साक्ष लाइटबिलही देत नाही. शेरा लिहिला.

निघताना एकीने विचारलं, “मॅडम, मी पदवीधर आहे, म्हणजे पदवीधर मतदारसंघातही माझं नाव आपोआप येईल ना?” नाही. तो अर्ज १८ नंबरचा, ती यादी निराळी आणि प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने बनणारी. मागच्या वेळी होतं म्हणून या वेळी असेल, असं तिथे धरून चालता येत नाही.

संध्याकाळी ६.३०

घराच्या वळणावर एका पक्षाचा बूथ प्रतिनिधी गाठ घेतो. हातात फॉर्मचा गठ्ठा.

“मॅडम, हे एवढे घ्या. सगळे आपल्याच भागातले.”

पक्षांनी नेमलेल्या प्रतिनिधींना असे अर्ज आणून देता येतात. नियमाने एरवी दिवसाला दहा, आणि एकूण तीसच्या वर गेले की वरचे अधिकारी स्वतः उलटतपासणी करतात. सोबत त्याने अर्जांची यादी आणि आपण पडताळल्याचं लेखी द्यायचं असतं. मी मोजून दहा घेतले, बाकीचे परत दिले. तो कुरकुरला. अर्ध्या तासाने दुसऱ्या पक्षाच्या माणसाचा फोन: “त्यांचे घेतले म्हणे तुम्ही?” तुमचेही घेईन, म्हटलं, दहा. दोघांनाही माझा राग येतो तेव्हा काम बरोबर चाललंय असं मी धरते.

रात्री ८.००

कुकर लावून टेबलाशी. दिवसभरातल्या घरांच्या नोंदी ॲपमध्ये पुऱ्या करायच्या: माणूस भेटला का, फोटो जुळतो का, कागद पाहिले का, शिफारस की नाही. कुलूप असलेली घरं वेगळी काढायची. एका कुलपावरून नाव उडत नाही. पुन्हा जायचं, शेजारी निरोप ठेवायचा, आणि नामंजूर करायची वेळ आली तर कार्यालय अर्जदाराला म्हणणं मांडायची संधी देतं.

फोन वाजत राहतो. एक गृहस्थ: कार्ड कधी येणार? नाव मंजूर झाल्यावर टपालाने येतं. आयोगाने २०२५ मध्ये ते पंधरा दिवसांत पोचवायचं ठरवून दिलंय. घाई असेल तर ई-एपिक डाउनलोड करा, ती सोय २०२१ पासून आहे. दुसऱ्या बाई: माझ्याकडे कार्ड आहे, म्हणजे मत देता येईल ना? त्यांना सांगितलं, आधी यादीत नाव बघा. यादीत नाव असेल आणि कार्ड सापडत नसेल तर दुसरं ओळखपत्र चालतं. नाव नसेल तर कार्डाचा काही उपयोग नाही. आणि हे बघायला मला फोन कशाला, १९५० वर लावा किंवा पोर्टलवर कार्ड नंबर टाका.

मग अबुधाबीहून नणंदेचा मुलगा.

“मामी, मला तिकडचं मत ठेवता येईल का?”

“नागरिकत्व भारताचंच आहे ना?”

“हो, नोकरीपुरता आलोय.”

“मग फॉर्म ६-अ. पासपोर्टवर जो पत्ता असेल, तिथल्या यादीत नाव लागेल. पण मत द्यायला यावं लागेल हो, इथल्या केंद्रावर, मूळ पासपोर्ट घेऊन.”

“ऑनलाइन नाही देता येत?”

“फॉर्म ऑनलाइन. मत नाही.”

तो हिरमुसला. परदेशी राहणाऱ्या भारतीयांना यादीत जागा मिळाली ती २०१० च्या दुरुस्तीने, पण तिकिटाचा खर्च बघून किती जण येणार?

रात्री १०.४५

एक अर्ज असा आहे की तो दिवसा तपासता येत नाही. पत्त्याच्या रकान्यात लिहिलंय: उड्डाणपुलाखाली, आणि खांबाचा क्रमांक. कागदी फॉर्म, शाळेतल्या शिबिरात आलेला. बेघर माणसाकडून राहण्याचा कागद मागायचा नाही, असं आयोगाचंच सांगणं आहे. त्याऐवजी बीएलओने रात्री जाऊन पाहायचं, तो माणूस खरंच तिथे झोपतो का. आणि एकाच रात्रीवर भागवायचं नाही. मी आधीही येऊन गेलेय. आज यांना बरोबर घेतलंय, स्कूटर त्यांनीच चालवली.

खांबाला ताडपत्री बांधलेली, विटांवर पत्र्याची पेटी, दोन मुलं गोधडीत. बाई जागी होती.

“परत आलात?”

“यावं लागतं. दिवसा कुठे असता?”

“सिग्नलला. फुगे, गजरे, मिळंल ते. दिवसा आला असता तर ही जागा रिकामी दिसली असती.”

“इथे किती दिवस झाले?”

“हा पूल बांधत होते तवापासनं. नवरा कामावर होता पुलाच्या.”

तिला विचारलं, नाव कशाला घालायचंय? अर्जात हा प्रश्न नाही, विचारायचं कारणही नव्हतं. “नाव असलं की हाकलताना दोनदा विचार करत्यात,” ती म्हणाली. ते कितपत खरं ठरेल, मला सांगता आलं नाही. नियमाप्रमाणे तिचा मताचा हक्क आणि आठव्या मजल्यावरच्या त्या दोघांचा हक्क यात तसूभर फरक नाही, एवढं मात्र सांगितलं. फोटो जुळवला, वेळ टिपली, शिफारस केली.

रात्री ११.३०

ॲपमध्ये शेवटचा शेरा गेला. इथून पुढे माझ्या हातात नाही: सहायक मतदार नोंदणी अधिकारी, मग मतदार नोंदणी अधिकारी. आलेल्या अर्जांची यादी कार्यालयात लागते आणि संकेतस्थळावर चढते, हरकतीला सात दिवस मिळतात. निर्णय पटला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, आणि त्यांच्या वर राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी. हे सगळं झालं की सकाळी पायरीवर बसून ओटीपी मागवणाऱ्या पोराचं नाव यादीत त्याच्या आईच्या घराशी लागेल. त्याच्या घरी मला उद्या जायचंच आहे.

झोपायच्या आधी सोसायट्यांच्या ग्रुपवर उद्याचा मेसेज टाकला:

“नमस्कार. उद्या रविवारी सकाळी १० ते ५ शाळेत मतदार नोंदणी शिबिर. पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर फॉर्म ६, आधीचं कुठलंही कार्ड असेल तर फॉर्म ८. सोबत वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, एक फोटो, आणि घरातल्या एका मतदाराचा कार्ड नंबर आणावा. ज्यांनी ऑनलाइन फॉर्म भरला आहे त्यांनी शिबिरात येण्याची गरज नाही. मात्र संध्याकाळी बेल वाजली तर कृपया दार उघडावे.”